टेपची घरघर

माझ्या टेपरेकॉर्डरला घरघरीची व्याधी आहे, असं मी दोन वर्षं चारचौघांत सांगत आलो. त्याचं हेड तीनदा साफ करून घेतलं. पहिल्यांदा स्पिरिटनं, दुसऱ्यांदा नांदेडहून आणलेल्या कसल्याशा निळ्या औषधानं आणि तिसऱ्यांदा शेजारच्या केवळाबाईंच्या सल्ल्यावरून जुन्या धोतराच्या चिंधीनं. केवळाबाईंचं म्हणणं, यंत्रालाही नजर लागते. म्हणून मीठमोहऱ्याही उतरून टाकल्या. घरघर गेली नाही. यंत्र बिचारं निर्दोष होतं हे मला परभणीला कळलं, आणि कळलं तेही पंधरा-वीस प्रतिष्ठित नागरिकांच्या समोर.

आधी भोंग्याचं सांगतो. पूर्णा जंक्शनला आमच्या रेल्वे क्वार्टरांत मारुतीचं देऊळ आहे. माघात तिथं सप्ताह बसतो. सात दिवस अखंड नाम, रोज कीर्तन, शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन आणि मग पंगत. मी पार्सल ऑफिसात कारकून. दिवसभर कोंबड्यांची खुराडी, सायकली नि आंब्याच्या पाट्यांच्या पावत्या फाडणाऱ्या माणसाला कानावर चार चांगले शब्द पडावेत असं वाटलं, तर त्यात त्याचं काय चुकलं? कीर्तन उभं राहिलं असं कळलं की मी समोरचं ताट बाजूला सारून निघतो. ‘बन्सीधरराव कीर्तनात कधी डुलकी घेत नाहीत’ असा माझा लौकिक होता. तो बहुतांशी मीच पसरवला होता, पण कुणी खोडून काढला नव्हता.

आमचे कीर्तनकार अंगदमहाराज मागच्या वर्षी वैकुंठाला गेले. त्यांचं शेवटचं काल्याचं कीर्तन माझ्या टेपवर होतं, दुसरीकडे कुठंच नव्हतं. यंदा सप्ताहाची सुरुवात त्याच टेपनं करायची असं कमिटीनं ठरवलं. कमिटी म्हणजे आमचे अध्यक्ष माणिकराव, हेड टीसी, आणि ते म्हणतील त्याला मान डोलावणारे आम्ही सहा जण. तालीम म्हणून टेप देवळाच्या भोंग्यावर लावली, तर महाराज विहिरीत उतरून कीर्तन करताहेत असं वाटलं. त्यात ती घरघर. बायकांनी डोळ्याला पदर लावला तो आठवणीनं की आवाजानं, हे ठरेना.

आता वीणेचं, कारण खरं दुखणं तिथंच आहे. सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पहारे लावलेले असतात. एकाचा पहारा संपला की दुसरा त्याच्या पाया पडतो, तो ह्याच्या पाया पडतो आणि वीणा गळ्यातून गळ्यात जाते. जमिनीला टेकली तर सप्ताह खंडला असं आमच्याकडं मानतात. अकरा वर्षं यातला कठीण पहारा आश्रुबा करायचा. आश्रुबा म्हणजे आमच्या यार्डातला पॉइंट्समन. रूळ बदलायचं काम, बोलणं कमी, कान तिखट. दोन वर्षांपूर्वी काल्याच्या कीर्तनात वीणा मध्येच थांबली. महाराजांनी मागं वळून पाहिलं, तर वीणेचा भोपळा सतरंजीवर टेकलेला आणि आश्रुबा वाकून दोन्ही हातांनी तो धरून. साऱ्या देवळानं पाहिलं. त्याच्या आधी वीणा माझ्याकडं होती. ती मी आश्रुबाला कधी दिली ते मला नीट आठवत नव्हतं, आणि ज्याअर्थी आठवत नव्हतं त्याअर्थी रीतीप्रमाणेच दिली असणार, असा माझा ठाम समज होता.

तेव्हापासून आश्रुबाच्या हातात वीणा गेली नाही. माफी माग, असं माणिकराव म्हणाले. आश्रुबा मागेना. काय झालं ते सांग म्हणाले, तर सांगेना. तो देवळाबाहेर चपलांपाशी बसून कीर्तन ऐकायचा. यंदा माणिकरावांनी शेवटचं सांगून टाकलं की सप्ताह बसायच्या आत त्यानं देवापुढं नाक घासलं तर वीणा परत, नाहीतर पहाऱ्याच्या यादीतून नाव कायमचं काढायचं. त्याला समजावण्याचं काम माझ्याकडं आलं. पश्चात्तापावर मी बरा बोलतो, असं माणिकरावांचं मत.

अशात ती खोकी आली. सिकंदराबादच्या कंपनीची नऊ लाकडी खोकी, आमच्याकडं गाडी बदलायला उतरलेली, प्रत्येकावर ‘नाजूक’, ‘वर’, ‘खाली’ असं लिहिलेलं. बरोबर टाय लावलेले एक साहेब. आमचे हमाल कुठलंही खोकं उचलण्याआधी पायानं चाचपतात. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. मी मध्ये पडून खोकी हातावर उतरवून घेतली. साहेबांनी गहिवरून मला एक गुळगुळीत कार्ड दिलं. परभणीला स्टेशनजवळच्या लॉजच्या वरच्या हॉलात उंची ध्वनियंत्रांचं प्रदर्शन, फक्त निमंत्रितांसाठी. नांदेड झालं, आता परभणी, मग औरंगाबाद. ‘तशरीफ लाना जी,’ ते म्हणाले.

कार्ड मी क्वार्टरांत दाखवलं ही पहिली चूक. संध्याकाळपर्यंत सल्ल्यांचा ढीग झाला. केवळाबाई म्हणाल्या, लाईट गेल्यावर वाजतं का ते आधी विचारा. कुणी म्हणालं, थापटून बघा. माणिकरावांनी तर ठरावच केला. जुना भोंगा आणि महाराजांची टेप बरोबर न्यायची, टेप लावून आवाज पारखायचा, जुना देऊन नवा घ्यायचा, वरचा फरक कमिटी देईल. आवाज किती लांब जातो ते नीट विचारायचं. आपला भोंगा वारं असलं तर नदीच्या पुलापर्यंत जातो, नवा निदान पुढच्या मिरखेल स्टेशनापर्यंत गेला पाहिजे. भोंगा उचलायला आश्रुबा, वाटेत त्याला समजावायला मी.

सत्यशीला, म्हणजे आमची मंडळी, एवढंच म्हणाली, “जायलाच हवं का? घरात काय कमी आवाज हाय?” तिच्या बोलण्याकडं मी लक्ष दिलं नाही. पुढं कळेल की द्यायला हवं होतं.

भोंगा डब्यात हातातून नेता येत नाही, तो पार्सलनं बुक करावा लागतो. पार्सल बाबू मीच. तेव्हा मी मलाच अर्ज दिला, मीच वजन केलं, मीच पावती फाडली आणि ‘पाठवणारा’ व ‘घेणारा’ या दोन्ही ठिकाणी सही करताना नियम आडवा आला, की कर्मचाऱ्याच्या मालाला वरिष्ठाची मंजुरी हवी. वरिष्ठ रजेवर. त्यांच्या जागी तात्पुरता चार्ज कुणाकडं? माझ्याकडं. मी स्वतःच्या अर्जावर ‘मंजुरीस हरकत नाही’ असा शेरा मारला आणि प्रामाणिकपणा म्हणून अर्धा तास हरकतीचा विचारही केला. तेवढ्यात पॅसेंजर आली.

पिंगळी स्टेशन येईपर्यंत मी आश्रुबाला पश्चात्ताप समजावला. माणसाच्या हातून चूक होते, देव ती पोटात घालतो, पण आधी माणसानं तोंड उघडावं लागतं. आश्रुबा खिडकीतून सिग्नल बघत होता. मध्येच म्हणाला, “लय चांगलं बोलता तुमी, बन्सीभाऊ.” मला वाटलं, बर्फ वितळायला लागला.

परभणीत उतरून भोंगा आश्रुबाच्या डोक्यावर दिला आणि रस्त्याला लागलो, तर दोन पोलीस आडवे. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नावावरून रोज काही ना काही चाललेलं असे, त्यामुळं परभणीत भोंगा घेऊन कुणी उतरलं की पहिला प्रश्न ठरलेला. मोर्चा कुणाचा? बाजूचा की विरोधातला? मी म्हणालो, कीर्तनाचा. हवालदारानं वहीत दोन रकाने आखले होते, त्यात तिसरा नव्हता. भोंग्याचा परवाना मागितला. परवाना पूर्णेच्या हद्दीचा. मग तो न वाजवता फक्त वाहून नेतोय असं लेखी दिलं, खाली आश्रुबानं साक्षीदार म्हणून सही केली. तोवर भोवती पन्नास माणसं जमली होती. मोर्चा नव्हता, पण दिसत तसंच होतं.

लॉजच्या दारावरचा माणूस भोंगा आत सोडेना. टायवाल्या साहेबांनी वरून मला पाहिलं, पार्सलवाले बाबूजी म्हणून ओळखलं आणि भोंग्यासकट वर घेतलं. त्यांना वाटलं असावं, जुन्या वस्तूंचा शौक आहे. जिन्यावर मी अदबीनं भोंग्याला हात लावायला गेलो आणि तो निसटून सात पायऱ्या खाली गेला. एवढा आवाज त्या प्रदर्शनात नंतर दिवसभर झाला नाही.

वर गेलो आणि मला पहिला धक्का बसला. भर दुपारी हॉलच्या खिडक्यांना जाड पडदे. खाली घोट्यापर्यंत पाय रुतेल असा गालिचा. समोर माणसाएवढी उंच दोन काळी कपाटं आणि भिंतीशी पंधरा-वीस माणसं, डोळे मिटलेली. आवाज कसलाच नाही. मला वाटलं कुणी गेलं. मी चपला काढल्या, हात जोडले आणि हळूच एकाला विचारलं, कोण होते? तो कुजबुजला, “शांतता ऐकतोय.” यंत्र चालू होतं म्हणे, पण काहीच न वाजण्याचा गुण तपासणं चाललं होतं. माझा भोंगा बंद असतानाही गुणगुणतो हे मी बोललो नाही.

दुसरा धक्का खुर्चीचा. हॉलच्या मधोमध एकच खुर्ची, तिच्या पायांभोवती खडूच्या खुणा. आवाज फक्त तिथं जमतो म्हणे. “चार उंगल इधर नहीं, चार उंगल उधर नहीं,” साहेब म्हणाले. मी माणिकरावांचा प्रश्न विचारला, किती लांब ऐकू जातो? मिरखेलपर्यंत? साहेब दुखावले. आवाज खोलीबाहेर गेला तर ती कंपनीची नाकामी, असं ते म्हणाले. मी हिशेब करू लागलो. आमच्याकडं पंगतीला हजार पानं उठतात. एकेकाला खुर्चीवर बसवून कीर्तन ऐकवायचं तर पुढचा सप्ताह येईल. यंत्र कपाटाला जोडणारी वायर माझ्या अंगठ्याएवढी जाड होती आणि तिची किंमत ऐकून मी तिच्यापासून बैलापासून सरकावं तसा सरकलो.

तिसरा धक्का आश्रुबानं दिला. साहेबांनी एक तबकडी लावली. अचानक हॉलमधून आगगाडी जायला लागली. मी पाय वर घेतले. दारापाशी भोंगा मांडीवर घेऊन बसलेला आश्रुबा मात्र उठून उभा राहिला आणि काखेत नसलेली झेंडी काढायला त्याचा हात गेला. गाडी गेल्यावर तो शांतपणे म्हणाला, “कोळशाचं इंजिन हाय. चढावर हाय. मागच्या दोन डब्यांचं ब्रेक धरायलंय.” साहेबांनी तबकडीचं वेष्टन उलटून वाचलं, पुन्हा आश्रुबाकडं पाहिलं आणि त्याचा हात धरून त्याला खुर्चीकडं न्यायला लागले. “चाचा, आप बैठो जी. ये कान हमको रोज नहीं मिलते.” कार्ड माझं, आणि मान याला. पण आश्रुबा बसला नाही. म्हणाला, “बन्सीभाऊला बसवा. त्यांनी महाराजांची टेप आणलीय.”

घरी भरलेली कॅसेट म्हटल्यावर साहेबांनी नाक मुरडलं. मग त्यांना वाटलं, असल्या कॅसेटवरही आपलं यंत्र काय काढून दाखवतं ते लोकांना कळू दे. त्यांनी ती दोन बोटांनी धरून आत सरकवली. मी खडूच्या खुणांमध्ये, मान सरळ, हात गुडघ्यांवर, असा बसलो.

आणि अंगदमहाराज आले. विहिरीतून नाही, माझ्यासमोर दोन हातांवर. त्यांचा श्वास, बुक्क्यानं आलेला खोकला, पायातल्या चाळाचा हलका आवाज. मृदंगावर थाप पडली ती माझ्या छातीवर पडली. माझे डोळे भरून आले. महाराजांच्या मागं वीणा वाजत होती, संथ, सारखी, नीट. ती माझी होती. टेपरेकॉर्डर मी माझ्याच पायाशी, मी टेकलो होतो त्या खांबाला लावून ठेवला होता, म्हणून इतकी जवळून. हे मी शेजारच्या उभ्या गृहस्थांना सांगितलंही. ते परभणीतले नाक-कान-घशाचे डॉक्टर निघाले.

वीणा जरा संथ झाली. मग आणखी संथ. आणि घरघर सुरू झाली.

मी साहेबांना म्हणालो, हाच तो टेपचा दोष. साहेबांनी हात वर करून मला गप्प केलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरत होता. “टेप का नहीं है जी. सुनो. एक आदमी सो रहा है. माईक के बिल्कुल नजदीक.”

सगळे पुढं सरकले. आता ते मलाही ऐकू यायला लागलं, आणि एकदा ऐकू आल्यावर ऐकू न येणं शक्य नव्हतं. आत जाताना करवत, बाहेर येताना बारीक शिट्टी. साहेबांनी कॅसेट मागं घेऊन पुन्हा लावली. मग आणखी एकदा. शिट्टीच्या टोकाला ओठांचा जो फुसका आवाज होतो तोही यंत्रानं सोडला नव्हता. काहींनी माना डोलावल्या. डॉक्टर डोळे मिटून म्हणाले, “पडजीभ लोंबलेली आहे. नाकाचं हाडही वाढलंय. पण गंमत म्हणजे हा माणूस आडवा नाही, उभा आहे. उभ्यानं घोरणं मी पहिल्यांदा ऐकतोय. कोण आहे हा? त्याला माझ्याकडं पाठवून द्या.”

मी खुर्चीत घट्ट बसलो होतो. चार बोटं इकडं नाही, चार बोटं तिकडं नाही.

वीणा थांबली. मऊ धप्प असा आवाज आला, भोपळा सतरंजीवर टेकल्याचा. कुणाची तरी लगबगीची पावलं. आणि कानाजवळ कुजबुज, दोन वर्षांत आमच्या कुठल्याही यंत्रानं न ऐकवलेली. “बन्सीभाऊ. ओ बन्सीभाऊ. वीणा.”

मग महाराजांचा आवाज. “आश्रुबा, वीणा खाली?”

त्यानंतर जे ऐकलं ते त्या लाखाच्या यंत्राशिवाय कुणालाच ऐकू आलं नसतं. आश्रुबानं श्वास घेतला. बोलण्याआधी माणूस घेतो तसा, भरून. तो श्वास अर्ध्यावर थांबला. आणि त्याच्यावर एक मोठा, झोपेतून नुकता उठलेला, घोगरा आवाज येऊन पडला. “महाराज, अकरा वर्षं पहारा केलेल्या माणसाला असा निष्काळजीपणा शोभत नाही. आम्ही सात-सात दिवस डोळ्याला डोळा लावत नाही, ते कशासाठी?”

आवाज माझा होता. तो संपल्यावर तो श्वास कुणीतरी हळूच सोडून दिला.

हॉलमध्ये, जिची ते मघाशी तारीफ करत होते ती शांतता पसरली. साहेबांनी कॅसेट थांबवली. “ये बन्सीभाऊ कौन है जी?”

पंधरा-वीस माणसं, एक डॉक्टर. दाराशी भोंगा. माझ्या तोंडून निघून गेलं, “गावाकडचे आहेत एक जण.”

मी आश्रुबाकडं पाहिलं नाही. भोंगा उचलल्याचा आवाज आला, मग जिन्यावर पावलं. डॉक्टर माझ्या हातात त्यांचं कार्ड देत होते, त्या गावाकडच्या गृहस्थांसाठी.

परतीच्या पॅसेंजरमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. भोंग्याला जिन्यावर पडलेला पोचा आश्रुबा अंगठ्यानं आतून दाबत होता. पिंगळी गेली. जाताना इथवर मी बोलत आलो होतो, आता खिडकीतून सिग्नल बघायची पाळी माझी होती. शेवटी विचारलं, “तू तेव्हा का बोलला नाहीस?”

“बोलायलो व्हतो की,” आश्रुबा म्हणाला. “तुमी आधी बोललात.”

“मग मागून तरी सांगायचं.”

“मागून तुमी दोन वर्ष पश्चात्तापावर बोलायलात. मधी कुटं बोलू?” त्यानं पोचा पुन्हा दाबला. “सात दिस जागं व्हते तुमी. आमी डोळ्यानं बघितलं. डोळा लागला तर लागला. पण बन्सीभाऊ, मघा तुमी जागं व्हते.”

एवढंच. मिरखेल आलं, पूर्णा आलं, तो भोंगा देवळात ठेवून ड्यूटीवर निघून गेला. मी घरी जाऊन जेवलो नाही. सत्यशीलेनं विचारलं, नवं यंत्र कसं आहे? मी म्हणालो, फार ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात कमिटी बसली. यादी पुढं होती. माणिकरावांनी आश्रुबाच्या नावावर पेन टेकवलं आणि मला विचारलं, मानला का तो? आश्रुबा बाहेर, त्याच्या नेहमीच्या जागी. आत पन्नासेक माणसं, एका बाजूला बायका. मी उभा राहिलो आणि टेप लावायला सांगितली. माझी अशी कल्पना की यंत्र माझ्या वतीनं सांगून टाकेल. भोंग्यानं महाराजांना पुन्हा विहिरीत उतरवलं. वीणा, मग नेहमीची घरघर, मग नुसतं ढवळलेलं पाणी. कुजबुज नाही, श्वास नाही, काही नाही. म्हणजे तोंडानंच सांगावं लागणार होतं.

मी सांगितलं. वीणा माझ्या हातातून टेकली, घोरत होतो तो मी, आश्रुबानं ती सावरली, आणि त्याच्यावर ओरडलो तोही मीच. परभणीच्या हॉलमध्ये मी स्वतःला ओळख दाखवली नाही, हेही सांगितलं.

मग माणिकरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. “बन्सीधरराव, मन मोठं तुमचं. दुसऱ्याचा दोष अंगावर घ्यायला काळीज लागतं.”

मी म्हणालो, अहो, खरंच मी घोरलो. ते म्हणाले, तुम्ही? कीर्तनात? लोक हसले. एकानं माझ्या पायाला हात लावला. कुणीतरी मारुतीच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. मी जितका माझा दोष सांगू लागलो तितका माझा मोठेपणा वाढत गेला. आयुष्यभर कमावलेला लौकिक असा आडवा येईल असं वाटलं नव्हतं. पेन अजून आश्रुबाच्या नावावर होतं. दाराबाहेर त्याची पाठ दिसत होती.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं सत्यशीला उठली. भर सभेत ती कधी बोलत नाही. “माणिकरावदादा, ती घरघर परत लावा. शेवटी शिट्टी वाजती का बघा.”

टेप मागं घेतली. सगळे कान देऊन ऐकू लागले. घर्रर्र, आणि टोकाला, भोंग्यातूनही, बारीक शिट्टी.

“वाजली,” माणिकराव म्हणाले.

“मग ती आमच्या घरची हाय,” सत्यशीला म्हणाली. “एकोणीस वर्ष ऐकायलेय मी. घरी ही टेप लागली की मला वाटायचं हे झोपलेत, म्हणून मी आत जाऊन भांडी घासायची.”

शेजारून केवळाबाई म्हणाल्या की भिंत एकच असल्यामुळं त्याही ओळखतात, आणि शिट्टी थंडीत जास्त वाजते. मग आणखी दोन क्वार्टरांतून साक्षी आल्या. आता कुणी हसत नव्हतं, आणि माझ्या गळ्यातला हार तर काढायचा कसा ते मलाही कळेना. माणिकरावांनी पेन उचललं आणि आश्रुबाचं नाव खोडण्याऐवजी काल्याच्या पहाऱ्यासमोरचं माझं नाव खोडून तिथं त्याचं घातलं. कुणीतरी बाहेर जाऊन त्याला आत बोलावलं. तो उंबऱ्यात थांबला. मी पुढं झालो. रीतीप्रमाणे गळ्यात वीणा असली तरच पाया पडतात. मी वीणेची वाट न पाहता त्याच्या पाया पडलो. आश्रुबा मागं सरकला, म्हणाला, हे काय करायलात, मग वाकून माझ्याही पाया पडला, कारण एकट्यानं पडायची रीत नाही.

मी म्हणालो, “आश्रुबा, यंदा चपलांपाशी मी बसतो.”

तो जरा विचार करून म्हणाला, “बसा. पर तिथल्या खांबाला टेकू नका.”

सप्ताह झाला. नवं यंत्र घेतलं नाही. पोचा पडल्यापासून भोंग्याचा आवाज सुधारलाय असं माणिकराव म्हणतात. काल्याच्या दिवशी मी चपलांच्या मधोमध सतरंजीच्या तुकड्यावर बसलो. आत नवे महाराज उभे होते आणि त्यांच्या मागं आश्रुबा, वीणा गळ्यात. पाचेक मिनिटांत माझ्या लक्षात आलं की इथं भोंगा डोक्यावरून पुढं ओरडतो, गर्दीचा खोकला पोचत नाही, आणि समोरच्या दारातून वीणेचा प्रत्येक झणत्कार सरळ येऊन कानात बसतो. चार बोटं इकडं सरकून पाहिलं, चार बोटं तिकडं. आवाज विस्कटतो. नेमकी जागा तीच. आश्रुबाला हे दोन वर्षांपासून माहीत होतं आणि तो कुणाला बोलला नव्हता.

मी पूर्ण कीर्तन जागा होतो. सत्यशीला म्हणते की दुसऱ्या अभंगाच्या सुमाराला चपलांच्या बाजूनं शिट्टी आली. आली असेल. वीणा थांबली नाही.